सासूबाईंची पहिली मेट्रो

सोमवारपासून चष्म्याच्या दुकानात परत रुजू व्हायचं होतं आणि माझं तान्हं बाळ, चिमण्या, काही केल्या बाटली तोंडाला लावू देत नव्हतं. सासूबाईंनी, म्हणजे आईंनी, दुपारी त्याला दुकानात आणायचं आणि मी पाजायचं, एवढाच मार्ग. बसनं यायचं तर भुकेनं रडून रडून लेकरू निम्मं झालं असतं. नव्या मेट्रोनं ते वेळेत पोचलं असतं. पण आई तयार नव्हत्या.

"जमिनीखालून उंदरांनी जावं, माणसांनी नाही," शेजारच्या मावशींनी त्यांना सांगून ठेवलं होतं. कोपऱ्यावरचा न्हावी म्हणे, "रस्ता खणून माझी गिऱ्हाइकं पळवली, आता गार हवेत बसा म्हणतात." तो स्वतः गुपचूप दोनदा बसून आला होता, ते वेगळं.

रविवारी "नुसतं बघून येऊ" म्हणत आईंना नेलं. सरकत्या जिन्यावर त्यांनी माझं मनगट घट्ट धरलं. खाली पोचलो आणि त्यांनी माझं मनगट सोडून दिलं. वर आपला तोच खड्ड्यांचा रस्ता, आणि त्याच्या पोटात एवढं उजळलेलं दालन. बोगद्यातून आधी वारा आला, मग दोन दिवे, मग अलगद गाडी. माझ्या कडेवर चिमण्यानंही श्वास रोखला.

मी आत शिरून वळले, तर आई चपला काढून फलाटाच्या कडेला नीट जोडून ठेवत होत्या. त्या आत आल्या आणि दारं मिटली.

"आई, चपला बाहेर राहिल्या."

"अगं, फरशीत तोंड दिसतंय. असल्या जागी चपला घालून कसं यायचं?"

कुणीतरी हसलं. समोरच्या आजोबांनी मात्र हळूच आपले बूट बाकाखाली ओढून घेतले.

पुढच्या स्टेशनावरून उलट फिरलो. चपला होत्या तिथंच होत्या, आणि शेजारी कुणाचे तरी जाडजूड बूट.

"बघ, मी एकटीच बावळट नाही." चपला घालता घालता त्या बोगद्याकडे बघत राहिल्या. "हे माणसांनीच खणलं ना गं?"

"माणसांनीच."

"आणि न्हावी म्हणतो, नुसता रस्ता खणला."

सोमवारी दुपारी मी स्टुलावर बसून काचा पुसत दाराकडेच बघत होते. पान्हा दाटून छाती ठणकत होती. दार ढकलून आई आल्या, खांद्यावर चिमण्या गाढ झोपलेला.

"रडला का?"

"कशाला रडेल? टकामका बघत होता. उतरावंसंच वाटेना, म्हणून एक स्टेशन पुढं जाऊन आलो." त्यांनी त्याला माझ्या मांडीवर ठेवलं. "तरी बघ, तुझी जेवणाची सुट्टी आत्ता कुठं होतेय. उठव आता त्याला."