शिव्यांचा खण

आमच्या शब्दकोशाच्या कचेरीत एक नियम आहे: ऐकीव शिवी चालत नाही. बाकीचे शब्द कुठल्याही पुस्तकातून उचला, शिवी मात्र स्वतःच्या कानांनी ऐकलेली हवी. चिठ्ठीवर शब्द, पूर्ण वाक्य, कोण कोणाला म्हणालं, कशावरून म्हणालं आणि तारीख. खाली ऐकणाऱ्याची सही. या नियमामुळे आमचे सगळे सहकारी शिव्यांपासून नामानिराळे राहिले आणि ते काम सत्तावीस वर्षं माझ्या मावशीने एकटीने केलं. कोणाला साधं 'गाढवा' न म्हणणारी ही बाई एवढ्या शिव्या ऐकते तरी कुठे, यावर कचेरीत थट्टा चालायची. 'भर बाजारात कान लावून बसत असेल,' असं मीही म्हणायचे. गेल्या महिन्यात ती निवृत्त झाली आणि तिच्या खणाची किल्ली माझ्याकडे आली.

शिव्यांची पुरवणी आता छापायला जायची होती. प्रस्तावना लिहिणार होते मावशीचे यजमान, आमचे काका. निवृत्त मुख्याध्यापक, गोडबोले, गोष्टीवेल्हाळ. शिव्यांच्या जन्मकथांवरचं त्यांचं व्याख्यान गावभर गाजलेलं. भाडखाऊ म्हणजे घरमालकाचं भाडं खाऊन बसलेला भाडेकरू, असं ते सांगायचे. रांड हा तर 'राणी'चाच अपभ्रंश, तेव्हा बायकांनी रागावू नये, मिरवावं! सभागृह हसून लोटपोट व्हायचं आणि माझ्या मस्तकात तिडीक जायची. भाडखाऊमधली भाड म्हणजे वेश्येची कमाई, आणि ती खाणारा तो भाडखाऊ. रांड आली संस्कृतातल्या रण्डेवरून, म्हणजे विधवेवरून. नवरा मेला हीच बाईला शिवी. यात मिरवायचं काय, कपाळ?

"काका, या थापा छापता यायच्या नाहीत," मी फोनवर सांगून टाकलं.

ते हसले. "अगं वेडाबाई, विष शिवीत नसतं, ऐकणाऱ्याच्या कानात असतं. तुला पटत नाही ना? मग पुरावा आण. उघड तुझ्या मावशीचा खण! शिवी मनाला लागावी म्हणूनच दिली जाते असं दाखव, मी प्रस्तावना मागे घेतो."

पैज लागली. मी खूश होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी खण उघडला. पहिली चिठ्ठी: पुरुष, वय ४१, शिक्षक, पत्नीस, भाजीत मीठ कमी. दुसरी: पुरुष, वय ४१, शिक्षक, पत्नीस, सदऱ्याचं बटण तुटलेलं. तिसरी, चौथी, सगळीकडे तोच माणूस. मावशीने एकाच घराच्या भिंतीला कान लावलेला दिसतोय, म्हटलं. वाक्यं मात्र अशी होती की आमच्या कचेरीतल्या शिपायानेही कान झाकावेत. पुढे तो माणूस बेचाळीसचा झाला, त्रेचाळीसचा झाला. सत्तेचाळिसाव्या वर्षी तर बढती मिळून मुख्याध्यापक झाला. त्या दिवशीचीही चिठ्ठी होती: सत्काराला निघायला उशीर. तिथे मला हसू आलं. खोटं कशाला सांगू, आलंच. आणि मग एका चिठ्ठीवर प्रसंगाच्या जागी लिहिलेलं दिसलं: 'भाचीला फोन केला.'

मावशीला भाची एकच आहे.

मी अख्खा खण उपसला. त्यात त्या एका माणसाखेरीज दुसरं कोणीही नव्हतं.

मी तडक मावशीचं घर गाठलं. काका फिरायला गेले होते. ती पलंगावर बसून टॉवेलांच्या घड्या घालत होती. मी चिठ्ठ्यांचा गठ्ठा तिच्यासमोर ठेवला.

"नोंदी पुऱ्या आहेत ना?" तिने विचारलं.

"मावशी, हे काका आहेत."

"हो."

"अगं, मग कधी बोलली का नाहीस?"

"तुझ्या आईला बोलले होते एकदा. ती म्हणाली, एवढा देवमाणूस, तुझंच काहीतरी चुकलं असेल. मग म्हटलं, निदान नियमाने लिहून तरी ठेवावं. कचेरीत चिठ्ठी खोटी म्हणून कोणी परत करत नाही." तिने टॉवेलाची कडा जुळवली. "आहेत तशा छाप."

माझं डोकं चालेना. कॉलेजची तीन वर्षं मी याच घरात काढली होती, शेजारच्याच खोलीत. काकांनी माझ्याकडून व्याकरण करून घेतलं होतं, परीक्षेला सोडायला आले होते.

"मला कसं कधीच काही ऐकू आलं नाही?"

"तू होतीस तेव्हा बोलायचेच नाहीत. त्या तीन वर्षांची एकही चिठ्ठी नाही, बघ." मावशीने पुढचा टॉवेल उचलला. "बरी गेली ती वर्षं."

पुढे शिकायला मी हॉस्टेलवर जायला निघाले तेव्हा हिने माझ्या बॅगेचा पट्टा धरून ठेवला होता. "अजून एक वर्ष राहा की गं," म्हणाली होती. आणि मी काय म्हणाले? "मावशी, किती लहान मुलासारखं करतेस!" स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावंसं वाटलं. मी गठ्ठा चाळला. पुढची चिठ्ठी मी गेल्याच्या दुसऱ्याच दिवसाची होती.

तेवढ्यात दार वाजलं. काका आत आले, काठी कोपऱ्यात उभी केली.

"काय वेडाबाई, सापडला पुरावा?"

"सापडला."

"मग वाच की! ऐकू दे."

मी वाचायला लागले. शब्द, वाक्य, कोण, कोणाला, तारीख. पहिल्या चिठ्ठीला त्यांनी रसिकासारखी मान डोलावली. दुसरीला नुसतेच ऐकत राहिले. तिसरीला त्यांच्या चेहऱ्यावरचं हसू उतरलं.

"अक्षर हिचंच आहे ना हे?" त्यांनी विचारलं.

मी चौथी वाचली.

"रांडे," ते मावशीकडे वळून म्हणाले, "घरातली लक्तरं वेशीवर टांगलीस?"

आवाज चढला नाही, कपाळाला आठी पडली नाही. चष्मा कुठे ठेवलास असं विचारावं, तितक्या सहज म्हणाले. ही शिवी मी शंभर चिठ्ठ्यांवर वाचली होती, तरी याच तोंडून येईल हे आत्तापर्यंत मलाही खरं वाटलं नव्हतं.

मावशीने त्यांच्याकडे बघितलंसुद्धा नाही. ती माझ्याकडे बघत होती.

"ऐकलंस ना?" तिने विचारलं. "तू ऐकलंस ना गं?"

"ऐकलं, मावशी."

तिने हातातला टॉवेल खाली ठेवला आणि ती मोठमोठ्याने रडायला लागली.