पाठ कापलेली खुर्ची

मित्रांनो, मी अंधेरीच्या एका इंडस्ट्रियल इस्टेटच्या लिफ्टमध्ये राहणारी जुनी खुर्ची आहे. राहणारी म्हणजे खरे तर अडकलेली. तळमजल्यापासून पाचव्या मजल्यापर्यंत माझ्या दिवसभर फेऱ्या होतात, पण लिफ्टबाहेर मी कधी पडत नाही. जाळीच्या दारातून प्रत्येक मजल्याचा एक तुकडा दिसतो. खोकी, चपला, एखादे मांजर. मग पुन्हा भिंत. मी आयुष्यात जास्त करून भिंतच पाहिली आहे.

माझा जन्म कुर्ल्याच्या एका सुताराकडे झाला. त्याने माझी पाठ सरळ ठेवली नाही. रंधा मारायचा, स्वतः टेकून बघायचा, पुन्हा रंधा मारायचा, असे करत त्याने ती माणसाच्या कण्याच्या वळणाला जुळेल अशी थोडी मागे झुकवली. "हिच्यावर टेकलेला माणूस उठायला कंटाळेल," तो गिऱ्हाइकाला म्हणाला. ती माझी पहिली स्तुती. याच गुणापायी पुढे माझे हाल झाले.

आधी मी इस्टेटच्या ऑफिसात पाहुण्यांसाठी होते. तिथे गादीच्या नव्या खुर्च्या आल्या आणि मला लिफ्टमध्ये, आमच्या लिफ्टमनसाठी ठेवण्यात आले. त्याचे नाव बाळा. तो पन्नाशीचा आहे. घाटकोपरला राहतो, पहाटे घरोघरी पेपर टाकतो आणि मग इथे येतो. उंच माणूस, पण लिफ्टमध्ये कुणी शिरले की भिंतीला चिकटून लहान होतो.

खुर्चीला माणसाची झोप डोळ्यांवरून नाही, वजनावरून कळते. जागा माणूस थोडा भार पायांवर ठेवतो. डोळा लागू लागला की पाय हलके होतात आणि सगळा माणूस माझ्या हवाली होतो. जेवणानंतर बाळाचे पाय रोज हलके होत. तो एकटाच नव्हे. त्या वेळी लिफ्टमध्ये एकाने जांभई दिली की ती सगळ्यांच्या तोंडून फिरे. गाळ्यांचे मालकही त्यातून सुटत नसत. पण मालकांच्या केबिनला दार होते. आमच्याकडे जाळी होती.

एका दुपारी खाली माल भरायला टेम्पो उभा होता आणि बाळा माझ्यावर घोरत होता. इस्टेटच्या सेक्रेटरी नलिनीताईंनी ते पाहिले. दुसऱ्या दिवशी त्यांनी माणूस बोलावून माझी पाठ करवतीने कापून टाकली.

"आता टेकायला काही नाही म्हणजे झोपही नाही," त्या म्हणाल्या. "आणि बाळा, पुन्हा झोपलेला दिसलास तर मी दुसरा माणूस बघीन."

मित्रांनो, झोप थांबली नाही. ती फक्त धोक्याची झाली. बाळाचे पाय हलके होत, डोके पुढे पडे, तो दचकून सावरे, की पुन्हा तेच. शेवटी टेकायला त्याने जाळी शोधली. लिफ्ट चालते तेव्हा त्या जाळीपासून चार बोटांवरून भिंत सरकते. मला ते दिसत होते. मला ओरडता येत नव्हते.

गेल्या महिन्यात लिफ्ट दुसऱ्या मजल्यावर उभी असताना बाळाचे डोके असेच जाळीला टेकले. तेवढ्यात पाचव्या मजल्यावर कुणीतरी बटण दाबले. दार बंद होते, म्हणून लिफ्ट निघाली. बाळाच्या टोपीचे टोक जाळीबाहेर आले होते. भिंतीने ते धरले आणि टोपी खेचून घेतली. बाळा दचकून माझ्यावरून खाली कोसळला, त्याचा पाय जाळीवर आदळला आणि लिफ्ट दुसऱ्या-तिसऱ्या मजल्यांच्या मध्येच थांबली. जाळीची पट्टी वाकली होती. जाळी लागेना, आणि ती लागल्याशिवाय लिफ्ट हलत नाही.

तिसऱ्या मजल्यावर लूर्डसचा मेणबत्त्यांचा गाळा आहे. ती मरोळ गावठाणातली, आवाजाने मोठी. धावत येऊन तिने दारातून खाली वाकून पाहिले.

"बाळा! जिवंत आहेस ना रे?"

"आहे, लूर्डसबाय. टोपी गेली."

"टोपी गेली तर गेली. डोकं आहे ना जागेवर?"

मागोमाग नलिनीताई आल्या. "काय झालं? झोपला होता ना हा?"

"लाइट गेली गं," लूर्डस म्हणाली.

"मग पॅसेजमधला हा पंखा काय तुझ्या फुंकरीने फिरतोय?"

बाळाला हो म्हणणे महागात पडणार होते. तरी तो खालून म्हणाला, "झोप लागली, ताई. खोटं कशाला बोलू? तुम्ही पाठ काढलीत, झोप नाही ना काढता आली."

"ऐकलंस? वर तोंड करून बोलतोय."

"खाली अडकलाय, वर तोंड करूनच बोलणार," लूर्डस म्हणाली. "तू सांग, दुपारी केबिनचं दार लावून काय करतेस?"

"डोळ्यांना आराम देते."

"मग हा काय गुडघ्यांना देत होता?"

नलिनीताईंनी विकी मेकॅनिकला फोन केला. त्याला यायला वेळ होता. आत बाळा काही वेळ उभा राहिला. वरून कुणीतरी बेल वाजवली. त्याचा हात सवयीने बटणाकडे गेला आणि मग हळूच खाली आला. आता त्याला कुठेच जाता येणार नव्हते. कुणीच त्याला कुठे बोलावू शकत नव्हते. तो जमिनीवर बसला, आडवा झाला, माझ्या पायांशी अंग मुडपले आणि झोपला. सुटका झालेल्या माणसासारखा, तोंड उघडे टाकून.

वरून सगळे वाकून बघत होते. पुन्हा बेल वाजली तेव्हा लूर्डस जिन्यात जाऊन ओरडली, "हात मोडीन हं आता!"

विकी हत्यारांची पिशवी घेऊन आला. "उठवू का त्याला?"

नलिनीताई बराच वेळ खाली पाहत होत्या. पाहता पाहता त्यांनाही जांभई आली. ती त्यांनी पदरात लपवली.

"थांब जरा," त्या हळू आवाजात म्हणाल्या. "आधी चहा पिऊन ये."

बाळाला त्यांनी काढले नाही. आता जेवणानंतर अर्धा तास लिफ्ट बंद असते. लूर्डसने तसे पुठ्ठ्यावर लिहून खाली टांगले आहे. कुणीतरी तो पुठ्ठा काढून टाकतो, ती नवा लावते. नलिनीताई यावर काही बोलत नाहीत. कमिटीत याचा निर्णय अजून व्हायचा आहे. तोवर बाळा गच्चीवरच्या खोलीत खोकी पसरून निजतो, आणि मी पाचव्या मजल्यावर बंद लिफ्टच्या अंधारात एकटी उभी असते. मला काही ऐकू येत नाही, आणि तेच चांगले आहे.

मित्रांनो, थकलेला माणूस आळशी नसतो. तो झोपलेला असताना त्याला लाज वाटेल असे वागू नका. आणि एखाद्या दुपारी तुम्हाला लिफ्ट बंद दिसली, तर बेल वाजवू नका. जिन्याने चढा, आणि पायांचा आवाज होऊ देऊ नका.