सहासष्टनं सुरू होणारा नंबर

"या घरात एक चिठोरं जागेवर सापडेल तर शपथ!"

नवरा कपाटात डोकं घालून पुटपुटत होता, आणि ते चिठोरं दोन हातांच्या अंतरावर उभ्या असलेल्या तिच्या मुठीत ओलं होत होतं. धुवायला टाकलेल्या शर्टाच्या खिशातलं. सहासष्टनं सुरू होणारे सात आकडे, त्याच्याच अक्षरात; नाव नाही, गाव नाही, आणि – हे तिच्या नजरेनं आधी टिपलं – सुरुवातीला कोड नाही.

"काय शोधताय?"

"काही नाही गं. किल्ली."

किल्ली! तिचं चौकशीबाई हे नाव त्यानंच पाडलेलं. सव्वीस वर्षं टेलिफोनच्या चौकशी विभागात काढलेली बाई; पहिले दोन आकडे सांगा, ती शहरातला भाग सांगे. मुलगी कॉलेजात असताना जाईल तिथला नंबर ठेवून जायचा असा नियमच होता, आणि संध्याकाळी ती दारात चप्पल काढते न काढते तोच ही विचारायची – मैत्रीण बाजारात राहते म्हणालीस, मग नंबर स्टेशनमागचा कसा? मुलगी आत निघून जायची. पुढे पुढे तर... पण ते जाऊ दे. आता ती दोन वर्षं दूर बंदराच्या गावी नोकरीला होती. रविवारी बूथवरून फोन करायची, बोलायची ती बापाशीच जास्त.

सहासष्ट. या शहरात सहासष्ट नाहीच. इथले नंबर दोननं, तीननं नाहीतर पाचनं सुरू होतात, हे ती झोपेतही सांगेल. म्हणजे बाहेरगावचा; आणि बाहेरगावचा नंबर कोडाशिवाय कोण लिहितो? जो तिथं राहून तिथूनच फिरवतो, ज्याला ते गाव परकं वाटत नाही. महिन्यातून चार दिवस लिफ्टदुरुस्तीला बाहेर राहणारा माणूस... हल्ली दाढी रोज करतो, दर गुरुवारी बिस्किटांचे पुडे आणतो आणि ते घरात कुठं दिसत नाहीत – एकतीस वर्षांचा संसार, आणि मी मूर्खासारखी त्याच्या शर्टांना इस्त्री करतेय!

तो कामावर गेला, तशी ती फोनशी बसली. तो जातो त्या गावांचे कोड तिला तोंडपाठ. शून्य, पहिल्या गावाचा कोड, सात आकडे – औषधाचं दुकान. दुसऱ्या गावी एका म्हाताऱ्यानं उचलला आणि ओळखदेख नसताना गुडघ्यांचं सगळं पुराण सांगितलं. तिनंही ऐकून घेतलं, वर तेल सुचवलं. तिसऱ्या गावी तो नंबरच नव्हता. मग, हरल्यासारखं, तिनं नुसते सात आकडे फिरवले. लागणार नाहीच, याची खात्री होती म्हणून.

लागला.

"हं, बाबा? आई गेली का बाहेर?"

छातीवरचा सकाळपासूनचा धोंडा उतरला, आणि त्याच क्षणी दुसरा, ओळखीचा नसलेला, येऊन बसला. सहासष्ट इथलंच होतं. ती निवृत्त झाल्यावर नदीपलीकडे कुठंतरी नवं एक्स्चेंज निघालं असणार, आणि तिला कुणी सांगितलं नव्हतं. कशाला सांगतील?

"मी बोलतेय."

"आई..."

"किती दिवस झाले इथं येऊन?"

"आठ महिने."

"म्हणजे बूथ वगैरे सगळं खोटं. नंबर नदीपलीकडचा ना? कुठली बिल्डिंग? एकटीच राहतेस? बाबा कधी येतात, गुरुवारी?"

एकामागून एक प्रश्न बाहेर पडत होते, नीट, स्पष्ट, खिडकीतून पावती द्यावी तसे – आणि ते ऐकताना तिला वाटलं, हा आवाज आपल्या घरात आला तर आपणही दार लावून घेऊ.

"मी काय परकी आहे का गं?" तिचा आवाज एकदम खाली आला. "नुसतं आले म्हणून सांगितलं असतंस. मी काय केलं असतं?"

"हेच," मुलगी म्हणाली. रडत नव्हती, फार दिवस पाठ केलेलं म्हणावं तशी म्हणाली, "मला तुझी भीती वाटते, आई. लहानपणापासून."

पुढचा प्रश्न तिच्या जिभेवर तयार होता. तिनं तो गिळला, आणि फोन तसाच कानाशी धरून बसली.