तुळसाबाईंचं मशीन

ऑक्टोबरच्या उकाड्यात, टेंभी नाक्याच्या देवीच्या रांगेत तुळसाबाईंना उभ्या-उभ्या झोप लागली. अंगात जाड स्वेटर, डोळे मिटलेले, मान डुलतेय. मागच्या बायकांना वाटलं, देवीच आली अंगात. एकीने पायांवर कुंकू वाहिलं, दुसरीने हातात नारळ दिला, तिसरीने हात जोडून विचारलं, "आई, माझ्या पोराचं लग्न जमेल ना गं?"

तुळसाबाई घोरल्या.

"हो म्हणाली!" ती बाई रडायलाच लागली. तुळसाबाईंचा मुलगा प्रफुल्ल याने आईला कसंबसं गाडीत घातलं आणि दुसऱ्याच दिवशी थायरॉईडची तपासणी करून घेतली. वर्षभर तेच चाललेलं: थंडी, सुस्ती, सुजलेलं तोंड, गळणाऱ्या केसांचे पुंजके, सगळी मंद थायरॉईडची लक्षणं.

रिपोर्ट आला, तर भलतंच. थायरॉईड मंद नाही, सुसाट!

शीळफाट्याजवळच्या त्यांच्या घरात धावपळ उडाली. अशा माणसाला झोप येत नाही, चिडचिड होते, असं प्रफुल्लने मोबाईलवर वाचलेलं. म्हणून चहा बंद, मालिका बंद. नवरा गणू कुजबुजत बोलू लागला. तुळसाबाई सोफ्यावर आडव्या त्या आडव्याच.

"अवो, मी फास्ट हाय तं मना उठवत कसा नाय?"

"आतल्या आत पलतेस ना तुलसे, दमशीलच," गणू समजुतीने म्हणाला.

शेवटी सून कल्पिता त्यांना डोंबिवलीला डॉक्टर कृतिकांकडे घेऊन गेली. डॉक्टरांनी रिपोर्ट वाचला, मग खुर्चीत झोपलेल्या पेशंटकडे पाहिलं.

"या दोघांतलं कोणीतरी खोटं बोलतंय," त्या म्हणाल्या. "केसांसाठी काही घेतात का?"

कल्पिताचा चेहरा उतरला. "मीच देते. बायोटिनच्या गोळ्या. केस गळत होते ना आईंचे."

"काही लॅबच्या मशीनला बायोटिन फसवतं. मंद थायरॉईड फास्ट दिसतो. आठवडाभर बंद करा, सकाळी पुन्हा रक्त द्या. टीएसएच आणि फ्री टी-फोर दोन्ही."

या वेळी टीएसएच आभाळाला टेकलेला; थायरॉईड जितका मंद, तितका तो वर. थायरॉईड जवळजवळ संपावरच होता. तुळसाबाईंना एवढा आनंद झाला, की त्यांनी शेजारणींना बोलावून रिपोर्ट दाखवला. "बघा, मी आलशी नवती!"

थायरॉईडची गोळी सुरू झाली. पहाटे उपाशीपोटी घ्यायची, आणि नंतर तासभर चहासुद्धा नाही. हळूहळू अंगात तरतरी आली, तसा तो तास त्यांना खायला उठू लागला. मग त्या अंगण झाडत, भांडी आपटत, सुनेला उठवून माहेरच्या गोष्टी सांगत, आणि वेळ उरलाच तर गणूशी तीस वर्षांपूर्वीचं भांडण नव्याने काढत.

पुढच्या तपासणीला गणू मुद्दाम सोबत गेला. रिपोर्ट छान होता. डॉक्टर म्हणाल्या, हाच डोस चालू ठेवा.

बायको बाहेर गेल्याची खात्री करून गणू टेबलावर वाकला.

"डॉक्टरबाई," तो कुजबुजला, "रविवारची तेवढी सुट्टी नाय का देता येणार गोलीला?"