कुरडयांबरोबर वाळलेला हातमोजा

मी प्रणालीचा उजव्या हाताचा हातमोजा बोलतोय. थंडीत घालतात तो लोकरीचा नव्हे हं! फुटबॉलमध्ये गोल राखणारीच्या हातातला, जाडजूड, बोटाबोटाला उशी लावलेला. मैदानावर मला सगळे ग्लोव्ह म्हणतात. पण मी ज्या घरात वाढलो तिथं प्रणालीच्या आई विजयमालाबाई पहिल्या दिवसापासून मला हातमोजाच म्हणत आल्या, आणि खरं सांगू, मलाही तेच आवडतं.

जन्म माझा जालंधरच्या कारखान्यातला, बोली कोल्हापूरची आणि मुक्काम जयपूरला. एका हातमोज्याच्या नशिबी तीन गावं कशी आली म्हणाल, तर त्याला कारण सुभेदार उत्तमराव, म्हणजे प्रणालीचे वडील. मूळचे कोल्हापूरचे. तिथं पेठापेठांत फुटबॉलचं वेड, आणि हेही फौजेत जाण्याआधी आपल्या पेठेकडून खेळलेले. बदल्या होत होत जयपूरच्या लष्करी ठाण्यात आले आणि खातीपुऱ्यात घर केलं. मुलगा असता तर फुटबॉल शिकवला असता, असं ते कधी म्हणाले नाहीत. मुलगी होती, तिलाच शिकवला.

शहरातल्या सी-स्कीम भागातल्या एका दुकानातून त्यांनी मला आणि माझ्या डाव्या भावाला घरी आणलं, तेव्हा प्रणाली चौदाची होती. तिनं मला हातात चढवलं, मनगटाचा पट्टा करकचून आवळला आणि दाराच्या चौकटीला हात लावून बघितला. त्या रात्री आम्ही दोघे तिच्या उशाशी झोपलो. मी तेव्हा देखणा होतो. तळव्याला रबराचा मऊ थर, जरा ओला केला की चेंडू असा चिकटायचा की सोडवावा लागायचा. डावा नि मी, आमची गट्टी होती, पण जास्त काम माझ्याकडे, कारण पोरगी उजवीकडे झेप छान घ्यायची.

तिचं स्वप्न एकच होतं. भारताच्या सतरा वर्षांखालच्या मुलींच्या संघातून एक सामना खेळायचा. एकच, पण छातीवर तिरंगा असलेल्या जर्सीत. हे तिनं आईवडिलांना सांगायच्या आधी मला सांगितलं होतं. मला म्हणजे काय, तळवा तोंडावर धरून पुटपुटली होती.

विजयमालाबाईंना मात्र धास्ती. कोल्हापूरहून प्रणालीच्या आत्याबाईंचा फोन आला की ठरलेलं वाक्य, पोरगी उन्हात काळी ठिक्कर पडेल, मग रडाल. बाई फोन ठेवायच्या आणि प्रणालीच्या तोंडाला दही-बेसन फासायच्या. खेळातलं त्यांना काही कळायचं नाही. पण लेकीचं सामान नीट असावं म्हणून जयपूरजवळच्या बगरू गावच्या छापील कापडाची एक पिशवी त्यांनी आमच्यासाठी शिवली होती, आत अस्तर लावून.

मग तो एप्रिलमधला रविवार उजाडला.

बाईंनी पहाटेच गच्चीवर कुरडया घालायला घेतल्या होत्या. जयपुरात येऊन बारा वर्षं झाली तरी उन्हाळ्याच्या कुरडया चुकल्या नाहीत. शेजारच्या शेखावत भाभी त्यांच्या गच्चीवर मंगोड्या, म्हणजे मूगडाळीचे सांडगे, घालायच्या आणि दोघी कठड्यावरून एकमेकींच्या वाळवणाची चौकशी करायच्या. त्या दिवशी बाईंना पिशवीतून आमचा वास आला. आता खोटं कशाला बोलू, वास येतोच. महिनाभर घाम प्यायलेले आम्ही! बाईंना वाटलं, आठ दिवसांवर भारताच्या संघाची निवड चाचणी आलीय, पोरीनं असे कळकट हातमोजे घेऊन का जावं? त्यांनी आम्हाला साबणाच्या पावडरीत भिजवलं, ब्रशनं खसाखसा घासलं आणि कुरडयांच्या शेजारी कठड्यावर टाकलं. मायेनंच केलं हो सगळं.

डावा घसरून पाण्याच्या टाकीच्या सावलीत पडला, वाचला. मी तळवा वर करून पडलो होतो. राजस्थानचं ऊन ते! दुपारी चारला बाई वाळवण गोळा करायला आल्या तेव्हा कुरडयांबरोबर मीही कडकडीत वाळलो होतो. तळव्याचा थर तडकला होता, बोट वाकवलं की भेगा पडत होत्या.

प्रणाली सरावाला निघताना मला हातात घालून थांबली. चेंडू दाबून बघितला. चिकटेना. ती ओरडली असती तर बरं झालं असतं. ती आईकडे न बघता एवढंच म्हणाली, "आई, तुला ना, माझं काही कळतच नाही."

 त्या दिवसापासून बाईंनी लेकीच्या सामानाला हात लावला नाही. पिशवी वाटेत असली तरी बाजूनं जायच्या.

सी-स्कीमच्या दुकानदारानं तिच्या मापाची नवी जोडी यायला पंधरा दिवस लागतील असं सांगितलं. चाचणी आठ दिवसांवर. मग करते काय! मलाच घेऊन मैदानात उतरली. पहिल्या दिवशी सात चेंडू माझ्यातून निसटले. मला इतकी लाज वाटली म्हणून सांगू. दुसऱ्या दिवशी उत्तमराव ड्यूटीवरून तसेच मैदानावर आले, गोलामागं उभे राहिले आणि म्हणाले, हातमोज्यावर विसंबू नकोस, आमच्या वेळी होते कुणाकडं? हात चेंडूच्या मागं ने, छातीशी ओढ, नाहीच जमलं तर मूठ मार. आठ दिवस बापलेकीनं तेच केलं. सकाळी केलं, संध्याकाळी केलं. माझ्यासारख्या निकामी जोडीदाराला घेऊन ही पोरगी चेंडू अडवायला नव्यानं शिकत होती, आणि एकदाही तिनं मला फेकलं नाही. ह्या गोष्टीसाठी मी तिला जन्मभर मानीन.

चाचणीत संघाचे प्रशिक्षक प्रबुद्ध सर तिच्यामागे बराच वेळ उभे होते. शेवटी त्यांनी माझा तळवा उलटून बघितला आणि हसले. वहीत तिचं नाव लिहिलं. निवड झाली! पण राखीव म्हणून. पहिली गोलकीपर ओडिशाची रत्नमाला, उंच, शांत, हातात जादू असलेली पोर. प्रणाली दुसरी. पंधरा दिवसांनी नवी जोडी आली तेव्हा प्रणालीनं ती कपाटात ठेवून दिली. म्हणाली, ह्यांच्यावर हात बसलाय, मतलब, आता दुसरे नकोत.

आणि मी विमानात बसलो. दूरच्या देशातली ती युवा क्रीडा स्पर्धा. धावणारे, पोहणारे, कुस्तीगीर, सगळ्या देशांची पोरं एकाच भोजनगृहात ताटं घेऊन रांगेत उभी. आमच्या पोरी पहिल्या दिवशी बावरल्या, दुसऱ्या दिवशी भातावर लोणचं कुणी आणलंय याची चौकशी करायला लागल्या. पण मैदानात उतरल्या की काय त्यांचा दम! पहिला सामना हरल्या, पुढचे दोन जिंकल्या, उपांत्य फेरीत एका गोलानं हरल्या. कुणी चहाच्या मळ्यातली, कुणी कोळशाच्या खाणीजवळची. एकमेकींची भाषा येत नव्हती तरी पडलेलीला उचलायला तिघी धावायच्या. मी अनेक हात पाहिलेत, असे हात पाहिले नाहीत.

प्रणाली मात्र बाकावर. चार सामने झाले, चारही बाकावर. ती प्रत्येक वेळी मला ओला करायची, हातात चढवायची आणि सामना संपला की काढायची.

शेवटचा सामना कांस्यपदकाचा. एक-एक बरोबरी, वेळ संपत आलेली. प्रबुद्ध सर बाकाशी येऊन प्रणालीला म्हणाले, तयार हो, पेनल्टीला तुला उतरवतो. शिबिरात पेनल्टी अडवण्यात हिचा हात कुणी धरू शकत नव्हतं. पोरीनं माझा पट्टा आणखी करकचून आवळला. ती रेषेजवळ धावायला लागली. तेवढ्यात आमच्या एका बचावपटूचा पाय असा मुरगळला की तिला उठता येईना. शेवटची बदली तिच्या जागी करावी लागली. संपलं. आता आत जायची वाट बंद. सरांनी येऊन प्रणालीच्या डोक्यावर हात ठेवला.

ती खाली बसली. रडली नाही, पण मला दुसऱ्या हातानं घट्ट धरून बसली.

पेनल्टी सुरू व्हायची होती आणि रत्नमालानं पट्टा आवळायला ओढला, तर तिच्या उजव्या हातमोज्याचा पट्टा मुळापासून फाटून हातात आला. जास्तीची जोडी गडबडीत बसमध्येच राहिलेली. सगळे इकडं तिकडं बघायला लागले. खरं सांगतो, प्रणाली लगेच उठली नाही. दोन क्षण गेले. ज्या जागेवर तिनं उभं राहायचं होतं तिथं दुसरी उभी, आणि आता मलाही द्यायचं? मी तिच्या हातात होतो, मला सगळं ठाऊक आहे. मग तिनं पट्टा सोडला. रेषेपाशी धावत गेली, स्वतः मला रत्नमालाच्या हातात चढवलं, पट्टा आवळला, आणि माझं गुपित तिला सांगून टाकलं.

"ये चिपकता नहीं. पकड़ना मत, मुक्का मारना."

परक्या हातात मी पहिल्यांदाच गेलो. मोठा, थंड, घामेजलेला हात. आमच्या पोरींनी पाचपैकी चार मारल्या. समोरच्यांचे तीन गोल माझ्या डोळ्यांदेखत गेले, एक त्यांनी खांबावर घातला. उरला शेवटचा. हा आत गेला असता तर पुन्हा बरोबरी. त्यांची उंच मुलगी धावत आली आणि चेंडू उजवीकडे, वर. रत्नमालाचा पंजा आधी उघडला, सवयच तशी. मग ऐन वेळी मिटला. माझा तडकलेला तळवा मुठीत आत गेला आणि मूठ चेंडूवर बसली. चेंडू आडव्या दांड्यावरून पलीकडे!

पोरी रत्नमालावर तुटून पडल्या. त्या ढिगाऱ्यातून मी बघितलं, प्रणाली रेषेबाहेर उभी होती, एका हातात डावा घालून, दुसरा हात मोकळा. आणि ती उड्या मारत होती.

पदक सगळ्यांना मिळालं, तिलाही. पण खातीपुऱ्याला परतल्यावर खरी पंचाईत झाली. ठाण्यातले लोक हार घेऊन आले, शेखावत भाभी मिठाई घेऊन आल्या, आत्याबाईंचा फोन आला. सगळ्यांचा एकच प्रश्न, किती गोल अडवलेस? ती म्हणायची, मी खेळलेच नाही. मग लोक घसा खाकरून विषय बदलायचे. दुपारपर्यंत तिनं पदक गळ्यातून काढून ठेवलं होतं.

सगळे गेल्यावर ती मला धुवायला मोरीत घेऊन बसली. विजयमालाबाई दाराशी येऊन उभ्या राहिल्या. म्हणाल्या, "खरंच न्हाई खेळलीस?"

"मी नाही. हा खेळला." तिनं मला वर धरलं आणि सगळं सांगितलं, पट्टा फाटल्यापासून मूठ मिटेपर्यंत.

बाईंनी मला हातात घेतलं. सहा महिन्यांनी पहिल्यांदा. भेगांवरून अंगठा फिरवला. "हा तर मी जाळलेला."

"तोच. चिकटणारा असता तर ती पकडायला गेली असती, आई." मग जरा थांबून म्हणाली, "वाळत घालशील?"

 बाईंनी डोळे पुसले, मला घेतलं, गच्चीवर गेल्या. टाकीची सावली शोधली, तिथं मला ठेवलं आणि सावली सरकेल म्हणून स्वतः शेजारी बसून राहिल्या. ऊन कलेपर्यंत दोनदा मला उचलून सरकवलं. ते पदक माझ्यासाठी मैदानावरच्या पदकापेक्षा मोठं होतं.

आता माझं वय झालं. व्हरांड्यात, सावलीतल्या खिळ्यावर मी आणि डावा बगरूच्या पिशवीत असतो. पुढच्या शिबिरासाठी प्रणाली कपाटातली नवी जोडी घेऊन निघालीय. ती सामना खेळेल की पुन्हा बाकावर बसेल, मला ठाऊक नाही. निघताना तिनं पिशवीत हात घालून मला एकदा दाबलं. दाराशी बाई उभ्या होत्या. बाहेर रणरणतं ऊन, आत आत्याबाईंचा फोन वाजत होता. बाईंनी तो वाजू दिला.

ज्यांच्या घरी एखादी अशी पोर असेल त्यांना जाता जाता एका जुन्या हातमोज्याचं एवढंच मागणं आहे. हातमोजे सावलीत वाळत घाला. पोरींना उन्हात जाऊ द्या.