ब्रायनला सापडलेला दगड

चर्चमधली रविवारची मिस्सा झाली की माझा नवरा ब्रायन सातिवली गावाच्या मागे, खाणीच्या राडारोड्यात दगड शोधत हिंडायचा. शेवटचा आणला तो मुठीएवढा, काळा. मधल्या पोकळीत पांढराशुभ्र कापसासारखा गोळा. "बोट लावायचं नाही हां," एवढं त्याने आमच्या लेकीला, स्टेफीला बजावलं. हे नक्की काय, ते कुणाला तरी विचारणार होता. त्याच आठवड्यात हायवेवर ट्रकने त्याच्या बाईकला उडवलं आणि तो गेला.

स्टेफी चार वर्षांची. तिचे हात कुठे जातात यावर माझा सतत डोळा. शेवटी ऑक्टोबरात दगड खोक्यात घालून माझ्या कॉलेजच्या, भूगर्भशास्त्राच्या क्षितिजा मॅडमकडे नेला.

त्यांनी भिंग लावून पोकळी नीट पाहिली. मग म्हणाल्या, "ओकेनाइट. खनिज आहे हे. केसांहून बारीक सुया आहेत या. एकदा दबल्या की परत उभ्या राहत नाहीत. इतका शाबूत क्वचित मिळतो गं. आमच्या संग्रहालयात ठेवू या? खाली ब्रायनचं नाव लिहू."

नंदाखालला घरी येऊन सासूबाईंना सांगितलं.

"छापील नाव?"

"हो आई, छापील."

"मग तवर माझ्या आल्तारावर, देवापुढं राव दे."

"पण हात लावू नका हं."

दोन नोव्हेंबरला, मृतात्म्यांच्या दिवशी सकाळी मी झेंडूची फुलं घेऊन आले, तर दगड टॉवेलवर निथळत होता.

"आई, धुतलात?"

"बोट नाय लावला हां, बाय. नळाखाली धरला निस्ता. कबर घासून आले, म्हटलं हाबी धुवू. पोराचं नाव लागनार, धुळीचा कसा देवू?"

गोळा राहिला नव्हता. ओला कागद चिकटावा तसं काहीतरी पोकळीच्या तळाशी बसलं होतं. पाण्याचं मी बोललेच नव्हते. मलाही सुचलं नव्हतं. मॅडमना फोटो पाठवला. त्यांचं उत्तर आलं, 'अरेरे. आता नाही गं ठेवता येणार.'

संध्याकाळी दफनभूमीत कबरीकबरीवर मेणबत्त्या लागल्या. ब्रायनच्या कबरीवर मेणबत्ती लावता लावता सासूबाईंनी विचारलं, "मॅडम कवा येनार न्यायला?"

"नाही येत, आई. घरीच राहू दे म्हणाल्या."

काडी त्यांच्या बोटांपर्यंत जळत आली. "म्हंजे ब्रायनचा दगड कामाचा नव्हता?"

"होता हो. फार चांगला होता."

"मग नेत का नाय?"

"जागा नाही म्हणे त्यांच्याकडे."

सासूबाईंनी मूठ वळून माझ्यापुढे धरली. "एवढ्याशा दगडाला?"