कप्तानाच्या कोटाची बटणं

शिवणकाकूंच्या यजमानांनी, म्हणजे काकांनी, आयुष्यात दोनच गोष्टी जीव ओतून केल्या: लिफ्ट दुरुस्त करणं आणि ‘ध्रुवापार’ बघणं. पैकी लिफ्टमधून ते दोन वर्षांपूर्वी निवृत्त झाले. ‘ध्रुवापार’मधून निवृत्त व्हायचा त्यांचा काही विचार नव्हता. अवकाशयानाची ही मालिका गेली एकोणीस वर्षं दर शुक्रवारी संध्याकाळी सातला लागायची, आणि तिच्या चाहत्यांचं इंटरनेटवर एक पान होतं. भाग संपायचा अवकाश, तिथे प्रतिक्रियांचा नुसता पाऊस. कुणी रडायचं, कुणी लेखकांचा उद्धार करायचं, आणि काका पुढचा अंदाज बांधायचे.

अंदाज बांधण्यात त्यांचा हात धरणारं कुणी नव्हतं, आणि तो चुकण्यातही. यानावरचा आचारी शत्रूचा हेर आहे, असं त्यांनी लिहिलं. तो बिचारा पुढच्याच भागात निमूटपणे मेला. असे अकरा अंदाज झाले, अकराही आपटले. पानावर त्यांचं नाव ‘फुसका बार’ पडलं. काका वरवर हसण्यावारी न्यायचे, पण दर वेळी दोन दिवस त्यांचं जेवणात लक्ष नसायचं, आणि ते काकूंना बरोबर कळायचं.

आता गंमत अशी, की काकू त्याच मालिकेच्या शिवणखात्यात होत्या. यानावरच्या झाडून सगळ्यांचे कपडे त्यांच्या हातचे. पण स्टुडिओचा नियम कडक होता: गोष्ट घरी न्यायची नाही. काकांनी कितीही लाडीगोडी लावली तरी “मी नुसती बटणं लावते” यापलीकडे काकूंच्या तोंडून अक्षर फुटायचं नाही. मग काकांनीही घरात आपला एक नियम केला. भाग संपून नावं सरकायला लागली की ‘शिवणकाम’ या शब्दापुढे काकूंचं नाव येऊन जाईपर्यंत कुणी जागचं हलायचं नाही. खालच्या मजल्यावरचा दंतवैद्य आणि कोपऱ्यावरचा चावीवाला दर शुक्रवारी भाग बघायला यायचे, तेही मुकाट्याने बसून राहायचे.

तर झालं असं, की एके दिवशी ऐन चित्रीकरणाच्या सकाळी कुणीतरी कप्तानाच्या कोटावर तापलेली इस्त्री विसरलं. पाठीला हे एवढं भोक. नवा कोट शिवायला काकूंच्या हातात अडीच तास. त्याआधीचा आठवडाभर त्या यानावरच्या बायकांसाठी कोट शिवत होत्या, एक नाही दोन नाही, चौदा. हात त्या वळणावर पडलेले. कोट झाला, कप्तानाने घातला, काम उरकलं, आणि सगळ्यांचा जीव भांड्यात पडला.

शुक्रवारी घरी बसून भाग बघताना काकूंची नजर कप्तानाच्या कोटावर अडकली. पुरुषांच्या कोटाची बटणं उजव्या बाजूला असतात, बायकांच्या डाव्या. शिवण शिकणाऱ्या पोरीलाही हे पहिल्या दिवशी सांगतात. आणि हा सहा फुटी कप्तान डावीकडच्या बटणांचा कोट घालून छाती काढून उभा. जाऊ दे, काकूंनी मनाशी म्हटलं, कोण बघतंय एवढं बारीक.

काका बघत होते. लिफ्टची दारं कुठल्या अंगाने मिटतात हे बघण्यात ज्याची चाळीस वर्षं गेली, त्याच्या नजरेतून हे सुटणार कसं?

“अगं, याचा कोट उलटा मिटलाय,” काका म्हणाले. “हा आपला कप्तानच नाही. हा तोतया आहे.”

आणि उठून थेट टाइप करायला बसले. काकूंनी तेव्हाच सांगायला हवं होतं, हे खरंच. पण एकोणीस वर्षांत अशी चूक झाली नव्हती, लाज वाटली. शिवाय काकांचा चेहरा लहान मुलासारखा खुलला होता, तो पाहून जीभ उचलेना.

बारावा अंदाज पानाने डोक्यावर घेतला. शनिवारी दुपारपर्यंत तीन हजार जणांनी त्यावर लिहिलं. लोकांनी भाग पुन्हा पुन्हा बघून पुरावे काढले: कप्तानाने पेला डाव्या हाताने उचलला, यानातलं मांजर त्याच्याजवळ गेलं नाही. कुणी तर काकांना गुरुजी म्हणायला लागलं. काकांच्या अंगावर मूठभर मांस चढलं. ते दोन-दोनदा वाढून घ्यायचे आणि आंघोळ करताना मालिकेचं संगीत गुणगुणायचे. काकू मात्र ताटातलं तसंच ठेवून उठायच्या. आपल्या एका चुकीपायी हा माणूस बाराव्यांदा तोंडघशी पडणार, आणि या वेळी तीन हजार लोकांसमोर.

सोमवारी काकू तडक लेखिकाबाईंच्या खोलीत गेल्या. लेखिका त्यांच्या मुलीच्या वयाची, केसांत पेन्सिल खोचलेली.

“बाई, चूक माझी आहे,” काकूंनी सगळं सांगून टाकलं. “मला काय बोलायचं ते बोला. पण ते कोटाचं लिहिणारे आमचे हे आहेत हो.”

लेखिका हसायला लागली ती उचकी लागेपर्यंत.

“काकू, कप्तान आपल्या जिवलग मित्राला दगा का देतो, याचं उत्तर मी महिनाभर शोधतेय,” ती म्हणाली. “तुम्ही ते चक्क शिवून दिलंत. बुधवारी एक छोटा प्रसंग नव्याने घेऊ आणि याच शुक्रवारी लावू. पण तोवर तोंडाला कुलूप. घरीसुद्धा.”

काकू घरी आल्या त्या पोटात आनंद दाबूनच. चार दिवस काढायचे होते फक्त. काकांकडे बघितलं की हसू फुटायचं, मग उगाच भांडी घासत बसायच्या.

गुरुवारी पानावर एक शिंपी उगवला. त्याने लिहिलं, हा कसला तोतया, हा साधा बायकी धाटणीचा कोट आहे. शिवणाऱ्या बाईला काम येत नाही. नाव शेवटी येतंच, काढून टाका तिला. त्याच्यामागे आणखी वीस-पंचवीस जण लागले. काकांनी ते वाचलं. मग कपाटातून आपला कोट काढला, काकूंचा काढला, दोन्ही पलंगावर शेजारी शेजारी ठेवून बटणं लावली, काढली, पुन्हा लावली. काकू दारातून बघत होत्या. काकांनी दोन्ही कोट होते तसे टांगून ठेवले.

शुक्रवारी साडेसहाला काकू चहा घेऊन आल्या तेव्हा काका एका बोटाने टाइप करत होते. काकूंनी त्यांच्या खांद्यावरून वाचलं.

“माझा अंदाज मी मागे घेत आहे. बटणांत काही नाही, मीच राईचा पर्वत केला. शिवणाऱ्या बाईंना कुणी बोलू नये. फुसका बार.”

ज्या नावाचा इतका राग, तेच नाव त्यांनी आपल्या हाताने खाली घातलं होतं.

“अहो, थांबा की जरा,” काकू म्हणाल्या. “भाग तर होऊ द्या.”

“कशाला? चुकलं ते चुकलं,” म्हणून काकांनी बटण दाबलंसुद्धा.

एकोणीस वर्षांत पहिल्यांदा काकूंना वाटलं, स्टुडिओचा नियम चुलीत घालावा. पण शब्द दिला होता. चहाचा कप हातात तसाच धरून त्या बसून राहिल्या, साय धरेपर्यंत.

सातला मंडळी जमली. “कच खाल्लीत ना शेवटी?” दंतवैद्य आल्या आल्या म्हणाला. काका नुसते हसले.

भाग संपत आला तशी कप्तानाच्या मित्राने त्याला यानाच्या दाराशी अडवलं. त्याच्या छातीकडे बघत म्हणाला, “आमचा कप्तान बटणं उजवीकडे लावतो. तू कोण?”

कप्तानाने खाली मान घालून कोटाकडे पाहिलं, आणि एकोणीस वर्षांत कधी हसला नव्हता तसा हसला.

चावीवाला स्टुलावरून खाली घसरला. दंतवैद्याचा आ वासला तो मिटेना. पान तर पार पेटलं होतं. चावीवाला फोनवरून मोठ्याने वाचायला लागला: “फुसका बार बरोबर होता.” “अरे बाबा, भाग संपेपर्यंत कळ काढवली नाही?” “बरोबर ठरायच्या ऐन आधी माघार घेणारा जगातला एकमेव माणूस.”

“बसा खाली,” काका म्हणाले. “नावं यायचीत.”

नावं आली. शिवणकाम, आणि त्यापुढे काकूंचं नाव. ते वर सरकून गेल्यावर काकांनी मान वळवली.

“तुला माहीत होतं.”

“मी नुसती बटणं लावते,” काकू म्हणाल्या, आणि त्यांना हसू आणि रडू एकदमच आलं. “पण तुम्ही कशाला मागे घेतलंत? एवढं डोक्यावर घेतलं होतं सगळ्यांनी.”

“तुला नावं ठेवत होते ते,” काका म्हणाले.

पानावर हजारो माणसं त्यांच्या प्रतिक्रियेसाठी खोळंबली होती. “आता सोडू नका,” दंतवैद्य म्हणाला, “आधीच सांगितलं होतं म्हणून ठणकावून लिहा. गुरुजी म्हणून सही करा.” काका पुन्हा टाइप करायला बसले. मग एका बोटाने, एकेक अक्षर शोधत, त्यांनी लिहिलं:

“कोट फार सुरेख शिवला होता. फुसका बार.”